वेळ संपली नव्हती

कोल्हापूर, १२ नोव्हेंबर १९७३

आदरणीय मुल्लाणी सर,

वाचनालयातल्या व्याख्यानात डॉक्टर सुंतेविरुद्ध तासभर बोलले. मग तुम्ही उठून म्हणालात, "बाई, आमचीही बाजू पाच मिनिटं ऐका." मागून कुणी ओरडलं, "खाली बसा की मास्तर!" लोक हसले. अध्यक्ष मी होते. गोंधळ नको म्हणून मी घंटा वाजवली, वेळ संपली म्हणाले. खरं तर वीस मिनिटं शिल्लक होती.

काल माफी मागायलाच तुमच्याकडे आले होते. तुम्ही चहा दिलात, माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीत. मला विषय काढवला नाही. हे पत्रही पेटीत टाकायचा धीर होणार नाही, थकले मी. मला अजून डॉक्टरांचंच पटतं. पण तुमचं न ऐकताच पटलंय, हे तुमच्यासमोर बोलवत नाही.

तुमची,
पद्मजा गर्दे