जपान्याचं व्हायोलिन

मैलापूर, २९ एप्रिल १९५२
तानाकाच्या व्हायोलिनात माझ्या हातचं एवढं: तारांखालची घोडी, चारही खुंट्या, आतला खांब, पाठीच्या चिरेचा सांधा (शोधून दाखवा!). कोणी शिकवलं नाही, एक मोडकं उघडून शिकलो. बाकी जपानचं.
आज पेपरात: जपानशी युद्धस्थिती कालपासून संपली. सौ. म्हणाली, "ते तर केव्हाच संपलं!" म्हटलं, बाँब थांबले. कागदावर तानाका शत्रूच होता. एक्केचाळीसला हे माझ्याकडे दुरुस्तीला टाकून गेला, आठवड्यात जपानशी युद्ध पेटलं आणि पोलिसांनी त्याला नेला. तेव्हापासून तारा ढिल्या. शत्रूचं वाद्य, वाजवायचं नाही, विकायचंही नाही.
आज थोड्या चढवल्या. एकदम ताणल्या तर पोट, म्हणजे वरची फळी, फाटेल.

१० जून
काल टोकियोत तहावर सह्या. आपण भरपाई मागितली नाही. इथली जपान्यांची मालमत्ता परत द्यायची, असं कलम आहे. दोनदा वाचलं.
सौ.: "अय्यो, पुन्हा संपलं?"
"अजून मंजुरीचे कागद बदलायचेत."
"आपल्या लग्नाला एवढे विधी नव्हते."
हसते खुशाल. पण बेचाळीसला जपानी विमानं येणार म्हणून मद्रास रिकामं झालं, तेव्हा एका मांडीवर देव्हारा, दुसऱ्या मांडीवर हे व्हायोलिन घेऊन तंजावरपर्यंत रेल्वेत बसली ती हीच.
तारा आणखी चढवल्या.

२८ ऑगस्ट
काल दिल्लीत मंजुरीपत्रं बदलली. तह लागू.
सूर पुरा लावला. आपला षड्ज-पंचम नाही, त्याच्या पद्धतीने, तो लावायचा तसा. सांधा जराही कुरकुरला नाही. सौ. हातातलं काम टाकून ऐकत उभी.
ओसाकाच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं. माणूस जिवंत आहे की...

१४ ऑक्टोबर
उत्तर नाही. टपालवाला हल्ली लांबूनच हात हलवतो.
दुपारी पलीकडच्या गल्लीतले व्हायोलिनवादक आले, इथे वादकाला विद्वान म्हणतात. वाजवू दिलं, आता हरकत नाही. बराच वेळ वाजवलं. काय आवाज! मग म्हणाले, "एन्न रायर, काय हे, न येणाऱ्या माणसासाठी हा आवाज पेटीत कोंडता?"
"गिऱ्हाइकाचं आहे. दुरुस्तीला आलंय."
"अकरा वर्षं दुरुस्ती?"
"चोख कामाला वेळ लागतो."
आतून सौ. हसल्याचं ऐकू आलं. विद्वान हसले नाहीत. साडेतीनशेला विकत मागितलं. मी तारा उतरवून पेटी मिटली. दारापर्यंत गेले, परत वळले. आकडा चढवून मागितलं, रोख, आत्ता. नाही म्हटलं. चारशे रुपयांना.