वीस मिनिटांचा थांबा

४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

येत्या रविवारी दुपारी तुम्ही वर घाटमाथ्यावर आमच्या हॉटेलात जेवायला यायचंच. हॉटेल उघडून तीन वर्षं झाली. परगावची माणसं गाड्या भरभरून येतात, आणि ज्यांनी याच घाटात बत्तीस वर्षं बस चालवली ते माझे बाबा काही फिरकत नाहीत. एवढं शिकून मी स्वयंपाकीण झाले हे तुमच्या गळी उतरत नाही, ठाऊक आहे मला. आत्या सांगत होती, नात्यात तुम्ही मला मॅनेजर करून टाकलंय. बढतीबद्दल आभारी आहे.

खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलंय. काय वाढणार ते सांगणार नाही, नाहीतर आधीच नाक मुरडाल. जेवणानंतर मला सुट्टी आहे. तुमच्या गाडीतून घाट दाखवा, लहानपणी कबूल केलं होतंत.

माया आहेच, आता पायही इकडे वळू द्यावेत.

तुमची
भिंगरी

१९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

लिहावं की नाही यात आठवडा गेला. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात, फार बरं वाटलं. दाराच्या गोल काचेतून मी पाहत होते. सूप संपलं, मासा संपला, मधे देतात तो लिंबाचा गोड बर्फ संपला, आणि तुम्ही घड्याळ पाहून चक्क उठलात. उरलेल्या चार ताटल्या ओट्यावर गार झाल्या.

मग बाहेर दोनदा हॉर्न वाजला. निघालो, असं सांगायची तुमची रीत असेल. मी आले नाही. डोळे लाल झाले होते आणि कांद्याचं निमित्त सांगायची सोय नव्हती, तो सकाळीच चिरून झाला होता. माझं काम तुम्हाला आवडत नसेल तर तसं तोंडावर सांगा, मला चालेल. नाही, चालणार नाही.

रागावले असले तरी नमस्कार आहेच.

भिंगरी

२३ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून कपाळाला हात लावला. अगं वेडे, हॉटेलात गोड आलं की जेवण संपलं, एवढंच मला माहीत. मधेच गोड देऊन पुन्हा जेवायला बसवतात हे मला कोण सांगणार? त्यात जन्मभर जेवणाचा थांबा वीस मिनिटांचा. विसाव्या मिनिटाला माझे पाय आपोआप उठतात, पोटाला विचारतसुद्धा नाहीत.

हॉर्न तुला बोलवायला दिला होता. घाट दाखवायचा म्हणून सकाळी काचा पुसल्या होत्या, तुझ्या सीटवर उशी ठेवली होती. तासभर गाडीत बसलो. मग वाटलं, अशा झकपक हॉटेलात बस ड्रायव्हर बाप मिरवायची तुला लाज वाटत असेल. धुकं उतरायच्या आत निघालो. वाटेत भूकही लागली.

त्या माशाची चव अजून जिभेवर आहे. पुन्हा बोलाव. आता तू डबल बेल दिल्याशिवाय जागचा हलणार नाही.

लोभ कमी करू नकोस, या वयात बदली मुलगी मिळायची नाही.

तुझा
बाबा

१६ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सातही ताटल्या स्वच्छ होऊन परत आल्या. अडीच तास लागले. विसाव्या मिनिटाला तुम्ही दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरलीत, तेव्हा आत आम्ही सगळे हसत होतो. शेवटी मी पातेल्यावर पळी दोनदा वाजवली, तर तुम्ही असे ताडकन उठलात की शेजारच्या टेबलावरचे पाहुणेही उठले.

घाट डोळे भरून पाहिला. जुनी बस जिथे हमखास खोकायची ते वळण, आणि संपता संपत नाही म्हणून तुम्ही ‘सासूबाई’ नाव ठेवलेलं वळण, दोन्ही आता मला पाठ आहेत.

एक कबुली द्यायची आहे. पायथ्याच्या डेपोशी गाडी थांबवलीत तेव्हा मी झोपले नव्हते. तुमचे जुने कंडक्टर खिडकीशी आले आणि ह्याच का मॅनेजरीणबाई म्हणून विचारू लागले. तुम्ही आवाज खाली आणून सांगितलंत, की मॅनेजर नाही, माझी लेक स्वयंपाकीण आहे. मग सातही पदार्थ त्यांना ओळीने सांगितलेत.

पाचवा आणि सहावा उलटे सांगितलेत. दुरुस्ती अगदी ओठांवर आली होती, पण डोळे मिटूनच राहिले.

तुमची
स्वयंपाकीण