नळीसकट

बाबा, तुम्ही गेल्यावरही बेहालातली आपली कार्यशाळा अजून चालू आहे आणि कारखान्यांचे तापमानाचे सेन्सर आता मी तपासते. तुमची पद्धत शांत होती. तेलाचं भांडं एका तापमानावर स्थिर ठेवायचं, सेन्सर त्यात सोडायचा, आकडा थांबेपर्यंत थांबायचं, मग लिहायचं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि कारखान्यांच्या फाटकांवर भाषणं करत होते. एका सभेत मी तुमच्यादेखत म्हणाले की भट्टी कुणासाठी थांबत नाही. तापमान झरझर चढताना सेन्सर किती मागे राहतो हे जो सांगत नाही, तो कामगाराला फसवतो. टाळ्या पडल्या. तुम्ही मागच्या बाकावर होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात आहात. भाताचं आधण उकळतंय आणि आई म्हणते आहे, आधी तांदूळ, मग तुमचं शास्त्र. तुम्ही गार सेन्सर एकदम उकळत्या पाण्यात बुडवता आणि मला दर सेकंदाचा आकडा लिहायला लावता. मग पळीने पाणी ढवळत पुन्हा तेच. या वेळी आकडा लवकर शंभराला पोचतो. तिसऱ्या वेळी त्याच्यावर पोलादी नळी चढवता, कारखान्यात असते तशी, आणि आकडा रांगायला लागतो.

"भाषण चांगलं होतं," तुम्ही म्हणता. "पण नुसतं मागे राहतो म्हणून भागत नाही. किती, कशात आणि काय घालून, तेवढं सांगत जा."

मला राग आला होता. पण पुढे तेच मी सभासभांतून मांडत आले, आणि अजूनही मांडते: धावत्या भट्टीचा सेन्सर धावतानाच, त्याच्या नळीसकट तपासला पाहिजे.

गेल्या महिन्यात गार्डन रीचकडच्या एका लहान रंगाच्या कारखान्यातून सेन्सर आला. गरम, ढवळत ठेवलेल्या तेलात बुडवून तपासला आणि प्रमाणपत्रावर लिहिलं, तीन सेकंद मागे. आठवड्याने त्यांच्या फोरमनचा फोन आला. वयस्कर बंगाली गृहस्थ, आवाज चढवत नाहीत.

"दिदी, तुमच्या कागदावर तीन सेकंद आहेत. माझा माणूस चढता आकडा बघून, कढई फार तापायच्या आत झाकण उघडतो. त्याने किती सेकंद धरायचे?"

मी तिकडे गेले. जाड नळीत बसवलेला सेन्सर वीस सेकंदांहून जास्त मागे होता. झाकण उघडणाऱ्याच्या मनगटावर भाजल्याचा फोड आला होता. मी बघतेय असं दिसल्यावर त्याने बाही खाली ओढली. तिथेच नळीसकट पुन्हा तपासणी केली, नवं प्रमाणपत्र दिलं. फोरमनना सांगितलं की तुमच्याकडून नळी आलीच नव्हती. त्यांनीच माफी मागितली, चहा पाजला.

नळी आली होती, बाबा. खोक्यात तळाशी, कागदात गुंडाळलेली. सेन्सर पहिल्यांदा तपासला त्या संध्याकाळी न्यू टाउनला याच विषयावर माझं भाषण होतं आणि मला निघायची घाई होती. हे फोरमनना सांगायला हवं. दोन आठवडे झाले, सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.