परड्यातलं पाणी आणि सावित्रीचं कलम

३ मे १९३१
पेन्शनीत माणसाने काहीतरी शास्त्रीय करावं. लायब्ररीतून जमिनीच्या निचऱ्यावरचं इंग्रजी पुस्तक आणलं. कारण भागोजी. आमचा जुना गडी. म्हणतो, यंदा परड्यात पाणी तुंबणार, तुमीच गडग्याचा भोक बुजवलांव. बुजवलंच! घरामागच्या आमच्या दोन परड्यांमधल्या दगडी गडग्यातलं, पाणी पलीकडे जायचं भोक. शिमग्यात पालखी आधी चुलतभाऊ गंगारामच्या अंगणात नाचली. मान थोरल्या घराचा, म्हणजे माझा. मग माझं पाणी त्याच्या पोफळींना फुकट कशाला? त्याने माफी मागेपर्यंत भोक बंद. जमिनीचा निचरा चांगला असला की भोक लागतंच कशाला? उद्या चाचणी.

४ मे, सकाळी ८
कलमाशेजारी हातभर खड्डा. दोन कळश्या पाणी. घड्याळ लावलं. सात मिनिटांत सफाचट! निचरा उत्तम. भागोजी म्हणाला, मे म्हयन्यातली भुई घागर पन पियेल. अडाणी.

कलम हापूसचं. माझ्या बायकोने, सावित्रीने, राजापुराहून मांडीवर धरून आणलेलं. तिच्या भावाने स्वतः बांधलं, आणि महिन्याभरात तो वारला. दिवसातून चारदा जाऊन बघते.

१८ जून
पाणी घोट्यापर्यंत. पण फक्त कलमाभोवती. पुस्तक म्हणतं धीर धरा. (असं लिहिलेलं नाही, पण अर्थ तोच.)

२२ जून
दुसरी चाचणी. खड्डा खणतानाच भरला. ओतायला पाणी आणावं लागलं नाही, तेवढे श्रम वाचले. निष्कर्ष: खाली कातळ. दोष जमिनीचा. सावित्री म्हणाली, अहो, भोक उघडा. तिला समजावलं की प्रश्न पाण्याचा नाही, मानाचा आहे. ती उठून आत गेली.

२५ जून
चर खणला. उतार नजरेने ठरवला. माझी नजर कचेरीत नावाजलेली होती. दुपारी कळलं, उतार उलटा. आता विहिरीकडचं पाणीही कलमाकडे येतं. भागोजी हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

१ जुलै
पानं मलूल. पहार घेऊन गडग्यापर्यंत गेलो. खरंच उघडणार होतो. पलीकडे गंगाराम उभा, माझ्याकडेच बघत. मग पहारीने उगाच शेवाळ खरवडलं आणि परत आलो. काय करावं सुचत नाही. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलंय, ते वाचतो.

५ जुलै, दुपारी ४
लायब्ररीतून आलो तर परडं मोकळं! चर लागू पडला. उशिरा, पण पडला. सांगायला सावित्रीला हाक मारली. ती गडग्यापाशी, कोपरापर्यंत चिखल. पलीकडे गंगारामची बायको सगुणा, तीही तशीच. दोघींनी दोन बाजूंनी भोकातले धोंडे उपसले होते.

माफी कोणी मागितली, मी विचारलं. सगुणा म्हणाली, माफी कसली भावोजी, धोंडे होते.

६ जुलै
चराचाही थोडा वाटा असणारच.

१२ जुलै
भागोजीने नखाने कलमाची साल खरवडली. आत काळं. अण्णांनू, गेला ता, म्हणाला. पाणी आणखी आठवडाभर आधी काढलं असतं तर, असंही म्हणत होता. मी पुरतं ऐकलं नाही.

पुस्तक परत करायला निघालो होतो. सावित्री कलमापाशी बसली होती. मान वर न करता तिने एवढंच विचारलं, की आता इथे पाणी किती मिनिटांत मुरतं?

घड्याळ खिशातच होतं. काढवलं नाही.