सकाळी पाच पन्नासचा वाचक

३ जून
आजपासून रोज लिहायचं. फक्त सत्य. शास्त्रज्ञाने भावना लिहायच्या नाहीत.
उंदरांना वास कसे आठवतात, यावरचा माझा पेपर छापून सात महिने झाले. सायटेशन्स: शून्य. तीस तारखेला कमिटी बसेल. फेलोशिप वाढायला दुसऱ्या कुणाच्या पेपरात माझा निदान एक उल्लेख हवा. नाहीतर माझे उंदीर दुसऱ्याला मिळतील. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे होऊ देणार नाही.

५ जून
संशयास्पद! पेपर कुठून, किती वाजता उघडला ते प्रोफाइलवर दिसतं. कुणीतरी इथूनच, वाराणसीतून, रोज पहाटे ५.५० ला माझा पेपर उघडतंय. सलग सव्वीस दिवस. मी स्वतः तीनदाच वाचलाय. म्हणजे चोरी.

६ जून
संशयित: मुकुल, लॅबमधला सीनियर. परवा म्हणाला, "यार वैदेही, तुम्हारा सेक्शन चार फिर से समझाओ." वर कचोरी दिली. लाच! पुरावा म्हणून ठेवणार होते, पण गरम होती.

९ जून
पासवर्ड बदलला. लॅबची वही घरी आणून देवघरात, गणपतीमागे लपवली. बाबांनी विचारलं, "काय गं हे?" म्हटलं, गोपनीय. त्यांनी मान डोलावली आणि वहीला कुंकू लावलं.

१२ जून, पहाटे ५.५०
मुकुलच्या हॉस्टेलसमोर उभी राहिले. तो ब्रश करत बाहेर आला. एका हातात मग, एका हातात ब्रश. मोबाइल नाही. तरीही नेमक्या त्याच मिनिटाला पेपर उघडला गेला.
निष्कर्ष: त्याचा साथीदार आहे.

१४ जून
देवयानी मॅडमना चार पानी तक्रार दिली. मॅडम माझ्या गाइड. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "वैदेही, झोप होते का तुझी?" मी ठाम राहिले. मुकुलने माझ्या कामाला हात लावू नये, असा मेल त्यांनी त्याला केला. विजय!

२० जून
मुकुलचा पेपर छापला जाणार. मोठ्या जर्नलमध्ये. चोरी पकडायला त्याची संदर्भयादी तपासली. एकसष्ट नावं, माझं नाही. जाब विचारला. त्याने लॅपटॉपवर जुना मसुदा उघडून दाखवला. सतरा आणि बेचाळीस क्रमांकावर मी. दोनदा!
"मॅडम का मेल आया, हाथ मत लगाना. तो हटा दिया, बहनजी."
परत घाल म्हटलं. शेवटची प्रुफं काल गेली होती.
बहनजी!

२१ जून
५.५० चा वाचक आजही आला. म्हणजे मुकुल नव्हे. बहुधा. मग कोण? आणि मुकुलला निर्दोष ठरवायची त्याला एवढी घाई का?

२४ जून, पहाटे
पाणी प्यायला उठले. देवघरासमोर पाटावर बाबा. नुकतीच आंघोळ झालेली, ओली शेंडी, हातात आईचा मोबाइल. एकेक अक्षर जोडत माझ्या पेपरातलं मेंदूच्या एका भागाचं नाव वाचत होते: "हि... प्पो... कॅम्पस."
आठवी शिकलेले बाबा.
म्हणाले, "तुझं काम अडलंय म्हणाली आई. एक्कावन्न दिवसांचं पारायण धरलंय. तीस तारखेला समाप्ती."
म्हटलं, बाबा, डाउनलोड करून ठेवा, रोज कशाला उघडता? तर म्हणाले, "उतरलेल्या प्रतीवर पारायण होतं होय? मूळ पोथीच उघडायची. मध्ये बोलू नको, पहिल्यापासून वाचावं लागेल."

२५ जून
मुकुलसाठी कचोरी नेली. त्याने ती माझी सही घेऊन स्वीकारली. म्हणाला, उद्या लाच म्हणून नाव यायला नको.

३० जून
कमिटी झाली. सायटेशन्स? शून्य. मग कामाचा प्रभाव काय, असं त्यांनी विचारलं. सांगितलं, वाराणसीत एक नियमित वाचक आहे, एक्कावन्न दिवस अखंड. एका सरांनी ते लिहून घेतलं. मग खोडलं.
फेलोशिप वाढली नाही.
घरी समाप्तीचा शिरा. आईने वाटीत दुसऱ्यांदा वाढला. बाबा म्हणाले, एक शंका राहिली. शेवटी त्या उंदरांना आठवलं का?
सात महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी उत्साहाने सांगायला बसले. सेक्शन चारला अडकले.
उद्या मुकुलला विचारते. तो बोलला तर.