शेवटच्या पानावरच्या शुभेच्छा

११ ऑक्टोबर
आले: आमच्या 'हाळी' साप्ताहिकाचे धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे विशेषांक, पाचशे. छपाई ९,२००. पिंपरी ते भोसरी रिक्षा १८० — अडीचशे मागत होता! सुतळी घरचीच.

अंक देखणा झालाय. आत नेहमीच्या शुभेच्छा, पाचशे-पाचशेच्या. शेवटचं पान मात्र एकाच कंपनीचं, पंधरा हजारांचं. वर भगवंतांची तसबीर, खाली 'मंगल शुभेच्छा', कोपऱ्यात मोबाइलने स्कॅन करायचा चौकोन. यांचे मित्र कोंडीराम भावजी आमच्या जाहिराती गोळा करतात, त्यांनीच आणली. प्रूफ वाचताना मी विचारलं होतं, "ही कंपनी करते काय?"
"क्रिकेटच्या बातम्या देते, वहिनी."
"नुसत्या बातम्या देणारे एवढे पैसे टाकतात?"
हसले. "तुम्ही काना-मात्रा बघा, गिऱ्हाईक आमच्यावर सोडा!"
सोडलं.

१४ ऑक्टोबर
सकाळी देहूरोडला वंदना. ऐंशी अंक गेले. एका आजोबांनी शेवटचं पान कपाळाला लावलं.

२ नोव्हेंबर
मेथी दहाला दोन जुड्या. हे दुसऱ्या पाळीला.

६ नोव्हेंबर
गुरुवार, यांची सुट्टी. जेवायला बसणार तोच पोलिसांची नोटीस आली. माझ्या नावाची, शेवटच्या पानावरच्या जाहिरातीबद्दल!

चाकणच्या कंपनीत नोकरी असताना यांना दुसरा धंदा करता येत नाही, म्हणून 'हाळी'च्या कागदांवर सही माझी. मुद्रक, प्रकाशक, संपादक — सौ. विमल साहेबराव ओव्हाळ. नऊ वर्षं ती ओळ बारीक अक्षरात छापतोय. आज कुणीतरी वाचली.

यांनी तो चौकोन माझ्यासमोर स्कॅन केला. बातम्या कसल्या — पैसे लावायचा जुगार! भगवंतांच्या पायाशी.

भावजी फोनवर म्हणाले, "मी नुसतं पान आणून दिलं, वहिनी." ठेवून दिला.

८ नोव्हेंबर
पिंपरीत मृदुला वकीलबाईंकडे. वयाने लहान, पण बोलणं स्वच्छ.
"काकू, पैशांच्या ऑनलाइन खेळांवरच्या नव्या कायद्यात खेळ चालवणाराच नाही, जाहिरात करणाराही अडकतो. दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड."
"पण जाहिरातीत खेळाचं नावच नव्हतं."
"शुभेच्छांचं झाकण घातलं तरी आतलं तेच ना?"
बचाव एकच, म्हणाल्या — माहीत नव्हतं. जबाब टाइप करून दिला: मी फक्त नावाची प्रकाशक. शिक्षण दहावी. अंक वाचत नाही. शंका यायचं कारण नव्हतं. बुधवारी सही.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "सुटलीस बघ." मी म्हटलं, चपलेचा अंगठा तुटलाय, शिवून घेऊ.

१० नोव्हेंबर
विहारातल्या गिरजाबाई आल्या. चहा नको म्हणाल्या. त्यांच्या किसनने दोन महिन्यांचा पगार त्या जुगारात घालवला.
"म्या म्हनलं, असल्याच्या नादी कशाला लागला रं? तर म्हनतो, आई, विमलकाकूच्या अंकात हाय. त्या तपासल्याबिगर काय छापत न्हाईत."
भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर
वंदनेत चौथ्या शीलाला अडखळले. खोटं बोलणार नाही — रोज म्हणते मी हे, पन्नास वर्षं!

१२ नोव्हेंबर
सही केली नाही. वकीलबाई म्हणाल्या, "काकू, मग मी तुम्हाला वाचवू कशी?" रागावल्या नव्हत्या.

घरी हे एवढंच म्हणाले, "वाचत नाही म्हणायला तुझं काय जात होतं गं?"

नऊ वर्षं काना-मात्रा तपासल्या त्या कुणी मग?

१४ नोव्हेंबर
पोलिसांना स्पीड पोस्टाने पत्र टाकलं. यांना आधी वाचून दाखवलं. पाकिटाला डिंक यांनीच लावला. नक्कल:

"शेवटच्या पानावरची जाहिरात मी छापण्याआधी वाचली होती. शंका आली होती. विचारलंही होतं. तरी छापू दिली. मी नावापुरती प्रकाशक नाही. जबाबासाठी कोणत्या दिवशी हजर व्हावे, ते उलट टपाली कळवावे."