आईनं रागावणं सोडलं

बाबा, तुमच्या खुर्चीत सध्या एक यंत्र बसतं, आणि माझा त्याच्यावर भरवसा नाही. लहान कोहळ्याएवढं आहे. राखाडी लोकरीचं आवरण, दोन गोल डोळे, वरखाली होणारे कान, वळणारी मान. तुमच्या नातीनं, माझ्या लेकीनं, ते केलंय. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती. आता इंजिनियर आहे, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सोबत म्हणून असं यंत्र द्यायचं, असा तिचा आणि तिच्या मैत्रिणींचा बेत आहे. पहिली मान पुठ्ठ्याची होती, दोऱ्यानं ओढायची. पापणी किती झुकवली की ते दुःखी दिसतं आणि किती झुकवली की नुसतं पेंगुळलेलं, यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर आठवडेच्या आठवडे वाद चालले. नमुना तयार झाला तेव्हा तो एखाद्या घरात ठेवून पाहायचा होता. तिनं आजीचं घर निवडलं. आई हो म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

मी जन्मभर सभांमधून बोलत आले, बाबा. आवाज कुठं उतरवायचा, कुठं थांबायचं, कुणाच्या डोळ्यांत बघून वाक्य संपवायचं, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर ते यंत्र पाहिलं की मी सावध होते. आई काही बोलली की ते लगेच वळत नाही. क्षणभर थांबतं, मग सावकाश डोळे वर करतं, जणू तिचं बोलणं त्याच्या आत कुठं तरी पोचलं. हे थांबणं याला कुणी शिकवलं, असं मी लेकीला विचारलं. ती कौतुकानं म्हणाली, "मम्मी, तुझ्या भाषणांचे व्हिडिओ बघून घेतलंय. तू थांबतेस ना, तब सब सुनते हैं." मला एकदम तुम्ही दिसलात. कॉलेजातलं पहिलं बक्षीस घेऊन मी घरी आलेय आणि तुम्ही मोरीपाशी उभे राहून हाताचं ग्रीस काढताय. दुपारची पाळी बदलून घेऊन, हॉलमध्ये मागं उभं राहून तुम्ही माझं भाषण ऐकलं होतं. मान वर न करता म्हणालात, "लोकं रडले. तू कुठं रडली?" मला इतका राग आला की दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पण त्यानंतर पटत नाही ते व्यासपीठावरून कधी बोलले नाही. माझ्या थांबण्यामागं मी उभी असते. या यंत्राच्या थांबण्यामागं कोण आहे?

दर रविवारी मी आईकडे जाते. यंत्र आल्यानंतरच्या एका रविवारी ती पनागर गावाहून आलेले मटार सोलत बसली होती आणि यंत्राला हलक्या आवाजात म्हणत होती, "बेटा, आराम से बैठो." माझी आई, बाबा, जिनं मला कधी बेटा म्हटलं नाही, जी ताट वाढताना रागवायची, ताप आला तर आणखी रागवायची. मी मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकला. तिनं तो उचलून वाळत घातला, शब्द नाही. बरं नाही का तुला, म्हटलं.

"आवाज चढवला का ते तोंड पाडून बसते," ती म्हणाली. "कान खाली टाकते. मले पाहवत नाही."

"ते खोटं आहे, आई."

"माहीत आहे मले. पण तोंड तं पाडते न."

यंत्रानं मोजून लेकीला पाठवलेल्या नोंदी वेगळंच सांगत होत्या. आजीचा आवाज खाली आलाय, आजी शांत झालीय, प्रयोग छान चाललाय. मी भडकले. शांत नाही झाली, दबून राहिलीय, म्हटलं. उंच आवाज म्हणजे राग, असं हे यंत्र ज्यांच्याकडून शिकलं ती हळू बोलणारी फ्लॅटमधली मुलं होती; आपल्या घरात तर माया चढ्या आवाजातच होते, आणि हे तुला, या घरात वाढलेल्या पोरीला, सुचू नये? एक तर ते बदल, नाही तर आजच्या आज उचल. ती रडवेली झाली. म्हणाली, दुःखच काढलं तर उरलं काय, खिलौना. पण यंत्र घेऊन गेली. आजीच्या जुन्या फोनची रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकत बसली आणि तिच्या रागावण्यातलं रागावणं कोणतं नि लाड कोणते, हे माझ्याकडून तासन् तास समजून घेतलं.

गेल्या रविवारी ते परत आलं. आईनं जरा अदमास घेतला, मग म्हणाली, "काहून रे, असाच बसून राहशील का दिवसभर? ना काम ना धाम." त्याचे कान पडले नाहीत. ते समोर बघत निवांत बसून राहिलं. आईला जोर चढला. त्याच्यावरून गाडी माझ्या न विंचरलेल्या केसांवर आली, तिथून नातीच्या लग्नावर. मग ती थांबली, हसली. "हे तं तुह्या बाबासारखं झालं. कितीबी बोला, आपलं गप."

माझा संशय गेलेला नाही. तुम्ही ऐकून गप्प बसायचात. ते मोजून गप्प बसतं, आणि मोजलेलं उद्या कुणाच्या हाती जाईल, हे माझी लेकही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. असल्या यंत्रांविरुद्ध मला पुढच्या सभेत बोलायचंय, आणि मी बोलणार आहे. हा कागद मात्र त्या टिपणांमध्ये ठेवायचा नाही, आणि पाठवायला तर पत्ताच नाही. कारण निघताना आई आत डबा भरत होती, तेव्हा मी त्या यंत्रासमोर उभी राहिले आणि उगाचच, काही कारण नसताना, त्याच्यावर आवाज चढवला. ते गप्प बसून राहिलं. मला बरं वाटलं.